खारे पाणी आणि समुद्राच्या खुणा

मालेगावहून पातूरचा घाट उतरून अकोल्याच्या पुढे गेले की खारपाणपट्टा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अनेक गावांत विहिरीचे, बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. ‘पूर्वी इथे समुद्र होता, त्याचेच हे मीठ,’ असे तिकडे सहज सांगितले जाते. पण समुद्र कुठवर होता, हे पाण्याच्या चवीवरून ठरत नाही. त्याने मागे काय ठेवले ते पाहावे लागते.

कोकणात ते दिसते. किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपले चुन्याने सांधले जाऊन झालेला दगड असतो. त्याला करळ म्हणतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू साचते, पाण्यातला चुना कणांच्या फटींत बसतो आणि थर घट्ट होतो. असा थर आजच्या भरतीरेषेच्या वर सापडला, तर कधीकाळी लाटा तिथवर येत असाव्यात. शिंपल्यातला किरणोत्सारी कार्बन मोजून त्याचे वयही काढता येते.

मुंबईत याच्या उलट खूण मिळाली. १८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात समुद्राच्या चिखलाखाली झाडांचे बुंधे निघाले; कित्येक मुळांसकट जागच्या जागी उभे होते. झाडे खैराची. खैर म्हणजे ज्याच्यापासून पानातला कात होतो तोच, आपल्याकडच्या माळरानावरचा. खाऱ्या चिखलात तो उगवत नाही. मग तिथे समुद्र चढला की जमीन खचली? दोन्ही शक्य असते, म्हणून एकाच जागेवरून निकाल देत नाहीत. जगभरच्या पुराव्यांवरून सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती असे दिसते.

मिठाला मात्र समुद्र लागतोच असे नाही. लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने झालेल्या विवरात आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तरी पाणी खारे. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवते, क्षार मागे राहतात. कोरड्या हवेत, निचरा कमी असलेल्या जमिनीतही असेच क्षार साठत जातात.

मीठ कुठूनही आलेले असो, शरीराला फरक पडत नाही. बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील दाकोप भागात खारे पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढण्याचे प्रमाण पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूत जास्त आढळले. खारपाणपट्ट्यातल्या गरोदर बाईचा रक्तदाब म्हणूनच दर तपासणीला मोजायला हवा. मूत्रपिंडाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला ‘जेवणात मीठ कमी करा’ एवढे सांगून भागत नाही. घरी कुठले पाणी पिता, हेही विचारले पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. पाणी उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटते तसा खारेपणा वाढतो. तुरटीनेही गाळ बसतो, मीठ नाही.