मिनिटाला तीस शब्द, तपासणी शून्य

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. आदेशात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या जमान्यात यंत्राने पुढे केलेले तपासल्याशिवाय वापरू नका, असे खंडपीठाने बजावले. चर्चा रंगली ती यंत्राच्या थापांची. मला मात्र आठवला सहीआधी ‘साहेब, हा निवाडा सापडत नाहीये’ म्हणणारा कारकून. तो तिथे का नव्हता?

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत अशी कारकुनी करत बहुधा एकच मॅडम अख्खे ऑफिस सांभाळते. कोटेशन, टॅली, ई-वे बिल, थकलेल्या पेमेंटसाठी फोन. इंग्रजी पत्र आता चॅटजीपीटी क्षणात लिहून देते, शेठही खूश. पण कुठल्या पार्टीला महिनाअखेरीस गाठायचे, कोणाचा चेक साहेबांकडून नव्हे तर अकाउंटंटकडून निघतो, हे कुठल्याच फाइलीत नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३च्या अभ्यासानुसार कारकुनी कामांपैकी २४ टक्के कामांना जनरेटिव्ह एआयची मोठी झळ लागू शकते, आणखी ५८ टक्क्यांना मध्यम. झळ बायकांना अधिक, कारण या खुर्च्यांवर त्याच जास्त.

आपले सरकार मात्र अजून बोटांचा वेग मोजते. लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४०. उच्चश्रेणी लघुलेखकाला १२०. गंमत अशी, की २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर सुनावणीचा शब्दन् शब्द एआयकडून टिपून घेतला, आणि खटला होता महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाचा. ते टिपण वकिलांनी तपासायचे, हेही तेव्हाच ठरले. टिपणे यंत्राकडे गेले, तपासणे माणसाकडे राहिले.

तपासणे नसले की काय होते, हे वसई-विरारकरांना वेगळे सांगायला नको. २०२५च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेत ४१ बेकायदा इमारती पाडून झाल्या. बनावट परवानग्या दाखवून घरे विकल्याचा आरोप आहे. तो घोटाळा करायला एआय लागला नव्हता. लेटरहेड आणि शिक्का पुरला. असा कागद खरा की खोटा, हे त्याच्या भाषेवरून कळत नाही. जावक नोंदवहीत तो क्रमांक त्या तारखेला पडला का, हे कोणीतरी उघडून पाहावे लागते.

ही नजर तयार होते ती खालच्या टेबलावर, दुसऱ्यांची पत्रे टाइप करता करता. नेमकी त्याच टेबलावरची भरती आधी आटणार. कंपन्या याला बचत म्हणतील. मला ते बियाणे खाण्यासारखे वाटते.

म्हणून टंकलेखनाची परीक्षा बदला. उमेदवारासमोर यंत्राने लिहिलेले सफाईदार पत्र ठेवा, शेजारी आवक-जावक नोंदवही ठेवा आणि चुका शोधायला सांगा. प्रश्नपत्रिका काढायला मात्र एखादा मुरलेला हेडक्लार्क लागेल. तो निवृत्त व्हायच्या आत ती काढून घेतलेली बरी.