अर्ज माझा, अर्जदारही मीच!

अमेरिकेचं ग्रीन कार्ड म्हटलं की कंपनी, मॅनेजर आणि कंपनीचा वकील डोळ्यांसमोर येतात. संशोधकांसाठी मात्र दोन वाटा अशा आहेत, जिथे ना कंपनीचं पत्र लागतं, ना प्रोफेसरची परवानगी. एक ईबी-वन-ए, म्हणजे असामान्य गुणवत्तेची. दुसरी एनआयडब्ल्यू, म्हणजे राष्ट्रहितासाठी मिळणाऱ्या सवलतीची. आज या वाटा आहेत तशा १९९० च्या कायद्याने घडवल्या. त्यांच्याविषयीच्या या काही भन्नाट गोष्टी.

नाव दोनदा, माणूस एकच
आय-१४० या फॉर्मच्या पहिल्या भागात अर्ज करणाऱ्याची माहिती भरायची आणि तिसऱ्या भागात ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याची. एरवी पहिल्या जागी कंपनी किंवा विद्यापीठ असतं. इथे दोन्हीकडे तुमचंच नाव. फायदा? प्रोजेक्टचा निधी आटला, लॅब बदलली, बॉसशी बिनसलं, तरी तुमचा अर्ज दुसरं कुणी मागे घेऊ शकत नाही.

पुण्यात बसूनही चालतं
अर्ज करताना अमेरिकेत असायलाच हवं असं नाही. पुण्याच्या एनसीएलमधली रसायनशास्त्रज्ञ किंवा मुंबईच्या टीआयएफआरमधला भौतिकशास्त्रज्ञ इथूनच आय-१४० पाठवू शकतो. पुढचे सोपस्कार वकिलातीतून होतात.

ना डिग्रीची अट, ना नोकरीची
एनआयडब्ल्यूला उच्च पदवी किंवा विशेष प्रावीण्य दाखवावं लागतं. त्याहून वरच्या ईबी-वन-एला मात्र कोणत्याही पदवीची अट नाही! नोबेलच्या तोडीचा एक पुरस्कार दाखवा, नाहीतर दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करा. हे दहा निकष शास्त्रज्ञ, खेळाडू, कलाकार सगळ्यांना सामाईक आहेत. म्हणून एकाच यादीत शोधनिबंध आहेत, कलाप्रदर्शनं आहेत आणि बॉक्स ऑफिसवरचं यशसुद्धा आहे.

बिनपगारी काम, भरघोस मोल
दहांपैकी एक निकष म्हणजे इतरांच्या कामाचं परीक्षण. जर्नलसाठी रात्री जागून केलेला पीअर रिव्ह्यू इथे पुरावा म्हणून मोजला जातो. पण नुसतं रिव्ह्यूचं आमंत्रण आलं होतं एवढं पुरत नाही, रिव्ह्यू खरोखर केला हे दाखवावं लागतं. म्हणून संपादकाचा ‘तुमचा अहवाल मिळाला, आभार’ असा दोन ओळींचा मेल डिलीट करू नका. पहिल्या रिव्ह्यूपासून असे मेल एका फोल्डरमध्ये टाकत जा.

खटला हरला, दंडक ठरला
कझारियन हे येरेवानला शिकलेले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा ईबी-वन-ए अर्ज नाकारला गेला आणि प्रकरण अपिली न्यायालयात पोचलं. २०१० साली न्यायालयाने सांगितलं की शोधनिबंध आणि परीक्षण हे दोन निकष त्यांनी पूर्ण केले आहेत, इमिग्रेशन खात्याने कायद्यात नसलेल्या अटी लादायला नको होत्या. पण हवे होते तीन निकष, म्हणून ते हरले. तरीही आजचा प्रत्येक ईबी-वन-ए अर्ज त्याच निकालाच्या दोन टप्प्यांतून जातो. आधी निकष मोजायचे, मग सगळे पुरावे एकत्र ठेवून माणसाची उंची जोखायची.

संशोधन पास, अध्यापन नापास
एनआयडब्ल्यूचे आजचे नियम २०१६ च्या ‘धनसर’ निर्णयातून आले. काम मोलाचं आणि देशासाठी महत्त्वाचं आहे का, ते पुढे नेण्याची तुमची तयारी आहे का, आणि नोकरीच्या ऑफरची अट माफ करण्यात देशाचं हित आहे का, असे हे तीन प्रश्न. त्या प्रकरणातला अर्जदार हायपरसॉनिक प्रणोदनावर संशोधन करणारा होता आणि त्याला शिकवायचंही होतं. अध्यापन मोलाचं आहे हे मान्य झालं, पण त्याचा परिणाम पुरेसा दूरवर पोचतो हे सिद्ध झालं नाही. संशोधनाच्या जोरावर अर्ज मंजूर झाला. यातला धडा सरळ आहे. ‘माझं क्षेत्र महत्त्वाचं’ एवढ्याने भागत नाही, ‘माझं काम महत्त्वाचं’ हे पटवावं लागतं. सायटेशनचा आकडा द्याच, पण तुमची पद्धत कोणत्या लॅबने कशासाठी वापरली तेही लिहा. तेही असं, की तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या वाचनात कळावं.

पासपोर्ट नाही, जन्मस्थान!
मंजुरीनंतरही ग्रीन कार्डासाठी रांग असते, आणि ती ठरते जन्माच्या देशावरून. मडगावात जन्मलेल्या संशोधकाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तरी त्याची रांग भारताचीच. उलट, मराठी आईवडिलांच्या पोटी मस्कतला जन्मलेली मुलगी ओमानच्या रांगेत उभी राहते, पासपोर्ट भारतीय असला तरी. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर त्या देशाची रांगही वापरता येते.

मंजुरी काही आठवड्यांत, कार्ड काही वर्षांनी
जादा शुल्क भरलं तर ईबी-वन-एवर १५ आणि एनआयडब्ल्यूवर ४५ कामकाजी दिवसांत उत्तर येतं. उत्तर म्हणजे मंजुरी, नकार किंवा आणखी पुराव्यांची मागणी. पण मंजुरी म्हणजे कार्ड नव्हे. नोकरी-आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. त्यात जोडीदार आणि मुलंही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. एनआयडब्ल्यू ज्या ईबी-टू गटात मोडते, तिथे भारतीयांची प्रतीक्षा दहा वर्षांच्याही पुढे गेली आहे. छोट्या देशात जन्मलेला, तेवढ्याच गुणवत्तेचा सहकारी खूप आधी सुटतो. हा अन्याय आहे आणि तो कायदा बदलूनच दूर होईल.

तारीख तुमच्या खात्यात
तोवर हाताशी काय आहे? प्रायॉरिटी डेट. आय-१४० दाखल झाला की रांगेतली तुमची तारीख नोंदली जाते. तो मंजूर झाला की सहसा ती तारीख तुमचीच राहते. आज एनआयडब्ल्यू करा आणि पुढे काम वाढल्यावर ईबी-वन-ए मंजूर करून घ्या. जुनी तारीख नव्या, जलद रांगेत नेता येते. म्हणून पीएचडी किंवा पोस्टडॉक करणाऱ्यांनी ‘अजून दोन पेपर येऊ देत’ म्हणत थांबू नये. पात्रता बसत असेल तर अर्ज टाकावा. पेपर नंतरही येतील, मागची तारीख मात्र पुन्हा मिळणार नाही.