भुसावळच्या सरळ खाली, दहा हजार किलोमीटर

नकाशावर भुसावळपासून सरळ दक्षिणेला रेघ ओढा. सगळा हिंदी महासागर ओलांडून ती अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागते. तिथेच थोडंसं पूर्वेला आपलं ‘भारती’ संशोधन केंद्र आहे. १३४ कंटेनर जोडून बांधलेलं, २०१२ साली सुरू झालेलं. समुद्र, बर्फ, हवामान यांचा तिथे अभ्यास चालतो. कारभार गोव्यातल्या वास्कोहून.

उधन्यात दहा मिनिटं नेट गेलं तर घरात आरडाओरडा होतो (निदान आमच्या तरी). भारतीवर हिवाळ्यात कित्येक महिने जहाजसुद्धा येत नाही. घरच्यांशी बोलायचं ते नेटवरूनच.

अंटार्क्टिकापर्यंत समुद्राखालची केबल अजून गेलेली नाही. मग उरतो विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंच असलेला उपग्रह. आपल्या गच्चीवरची डिश दक्षिणेला, चांगली वर तोंड करून असते. भारतीवरून तसला उपग्रह उत्तरेला, क्षितिजापासून फार तर १२ अंश वर दिसतो. निरोप जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो, म्हणून फोनवर दोघंही एकदमच बोलायला लागतात.

नुसता मोठा प्लॅन घेऊन हे सुटत नाही. समजा, उधन्याहून जळगावला वीस खोकी पाठवायची आहेत. पहिलं पोचल्याची पावती हातात आल्याशिवाय दुसरं चढवायचं नाही असं ठरवलं, तर गाडी रिकामीच धावणार! संगणकही असेच पावतीसाठी थांबतात. जुन्या पद्धतीत पावती न येता ६४ केबीच पाठवता येत. अर्ध्या सेकंदाच्या वाटेवर त्याचा वेग जेमतेम एक एमबीपीएस पडतो, लाइन कितीही मोठी असो. म्हणून आधी पावतीपूर्वी जाणारा माल वाढवायचा, डेटा दाबून लहान करायचा, अपडेट एकदाच उतरवून सगळ्यांना तिथूनच वाटायचे. प्लॅन वाढवायचं नंतर बघता येतं.

गंमत म्हणजे डेटाची कमतरता तिथे नाहीच. ध्रुवावरून फिरणारे उपग्रह जवळजवळ प्रत्येक फेरीत डोक्यावरून जातात, म्हणून इस्रोने २०१३ मध्ये तिथे त्यांचा डेटा उतरवणारं केंद्र उभारलं. उतरवलेलं सगळं हैदराबादजवळच्या शादनगरला पोचवायचं, तेही उपग्रहावरूनच.

अंदमानची यातून सुटका झाली: १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावर २०२२ मध्ये स्टारलिंक लावून पाहिलं. ते उपग्रह पाचेकशे किलोमीटरवरच फिरतात, त्यामुळे वाट पाहणं फारच कमी होतं.

तोवर भारतीवरच्या माणसाशी उपग्रहावरून बोलताना एक वाक्य झालं की जरा थांबायचं.