दवाखान्यातले चहाचे मशीन : सफाई आणि कायदा

दुकानाच्या जोडीला दवाखान्यात चहा-कॉफीचे मशीन लावण्याचा धंदा आपल्यातले काही तरुण करू लागले आहेत. जागा थोडी लागते, गिऱ्हाईक रात्रंदिवस हजर, उधारी नाही. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. पण बाजारातले गिऱ्हाईक वेगळे आणि दवाखान्यातले वेगळे. तिथे चहा नातेवाईक पितात तसे ऑपरेशन होऊन उठलेला माणूस, केमोथेरपी चाललेला रुग्ण, बाळंतीण हेही पितात. ज्या जंतूने धडधाकट माणसाचे एक दिवस पोट बिघडते, तोच जंतू अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

“मशीनमध्ये पाणी तर गरमच असते, मग जंतू कुठून येणार?” असा सवाल हमखास विचारला जातो. जवाब असा की, टाकीतले पाणी गरम असते, सबंध मशीन गरम नसते. डब्यातून दूध-साखरेची पूड एका छोट्या वाडग्यात पडते, तिथे पाणी येते, पंखा ती घुसळतो आणि नळीतून चहा कपात उतरतो. कप भरल्यावर वाडग्यात, पंख्याच्या दांडीला आणि नळीत दुधाचा थर राहतो. तो कोमट होतो आणि तसाच तासन्‌तास पडून राहतो. दुधाच्या पुडीत बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते उकळत्या पाण्यातही टिकतात आणि कोमट ओलावा मिळाला की वाढू लागतात. खालच्या सांडपाण्याच्या ट्रेची गोष्टही तशीच. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली कॉफी मशीनच्या ट्रे तपासल्या, तेव्हा त्यांत एन्टरोकॉकस आणि स्युडोमोनास हे जंतू सापडले. यातला स्युडोमोनास दवाखान्यांची जुनी डोकेदुखी आहे.

म्हणून मशीनचे धुण्याचे बटण दाबले म्हणजे सफाई झाली, असे समजू नये. त्याने नळीतून फक्त पाणी फिरते. रोज एकदा मशीन बंद करून वाडगा, पंखा, नळी आणि ट्रे बाहेर काढावी. गरम पाणी व साबणाने घासून, खाद्यपदार्थांच्या भांड्यांना चालणाऱ्या जंतुनाशकात बुडवून, धुऊन पूर्ण सुकवावी. सुकवणे महत्त्वाचे, कारण ओला वाडगा लावला की पूड डब्याच्या तोंडाशी गोळा होऊन बसते. जुन्या पुडीवर नवी ओतू नये. डबा रिकामा करून, पुसून मग भरावा. मागच्या बाजूला मोटरच्या उबेला झुरळे घर करतात, तेव्हा मशीन भिंतीपासून थोडे दूर ठेवावे. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, टाकीत क्षार बसतो. तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीत काढावा.

पुसण्याच्या कपड्याबद्दल दोन शब्द, कारण कापड हा आमचा रोजचा माल. बाजारात किलोने मिळणाऱ्या होजिअरीच्या चिंध्या स्वस्त असतात, पण त्यांचा रंग जातो आणि धागे सुटतात. तो धागा कपात निघाला की तक्रार ठरलेली. पांढरे, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. ट्रेचे वेगळे, बटणांचे वेगळे, आणि रोज उकळून वाळवलेले. बटणांना तर दिवसभर शेकडो हात लागतात, ती अनेकदा पुसावी लागतात.

आता कायदा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याचे परवान्याचे नियम २०११ पासून लागू आहेत. मशीनमधून चहा विकणे हा खाद्यव्यवसायच आहे, त्यामुळे उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. दवाखान्याच्या कँटीनचा परवाना आहे म्हणून आपले भागेल, या भ्रमात राहू नये. धंदा ज्याचा, परवाना त्याचा. परवाना किंवा नोंदणीचे प्रमाणपत्र ठळक दिसेल असे लावावे. पाणी पिण्यायोग्य असल्याचा तपासणी अहवाल आणि मशीन भरणाऱ्या कामगाराचा वर्षातून एकदा झालेल्या वैद्यकीय तपासणीचा दाखला जवळ असावा.

कलम ५६ प्रमाणे अस्वच्छ रीतीने खाद्यपदार्थ बनवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याशिवाय कलम ३२ खाली सुधारणेची नोटीस निघते. तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत असते, आणि तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर परवाना आधी स्थगित आणि मग रद्दही होतो. प्लास्टिकचे कप आणि ढवळायच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. लाकडी काडी वापरावी. शेजारी झाकणाची कचरापेटी स्वतः ठेवावी, नाहीतर लोक कप दवाखान्याच्या पिवळ्या-लाल पेट्यांत टाकतात आणि त्या पेट्या वैद्यकीय कचऱ्याच्या आहेत.

शेवटी, मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक वही टांगावी. तारीख, वेळ, काय धुतले, पूड कोणत्या बॅचची भरली, सही. अधिकारी आला की तोंडी सांगण्यापेक्षा ती वही पुढे करता येते, आणि चहा पिऊन कुणी आजारी पडल्याची तक्रार आलीच तर त्या दिवशी काय झाले होते ते शोधायलाही तीच कामी येते.