अळी दिसली की मारायची? अंगणवाडीतल्या पोरांना खेळातून शिकवा अळीची ओळख

पावसाळा आला की बांधावर, शेवग्यावर, कढीपत्त्यावर अळ्या दिसू लागतात. लहान पोरं दिसेल त्याला हात लावतात. २०२२ मध्ये बीड, नगर भागात उसावर व गवतावर घोणस अळी आढळली आणि ‘अळी चावली की माणूस मरतो’ अशा अफवा मोबाईलवर फिरल्या. प्रत्यक्षात ही अळी चावत नाही. तिच्या अंगावरचे विषारी काटे टोचतात आणि भयंकर आग होते. त्यामुळे कोणत्या अळीपासून लांब राहायचं, हे ३ ते ६ वर्षांच्या मुलांना आधीच समजलेलं बरं.

नियम एकच
‘बघायचं, पण हात नाही लावायचा.’ केसाळ किंवा काटेरी अळी दिसली की मोठ्या माणसाला हाक मारायची. एवढं मुलांकडून रोज म्हणून घ्या.

घरातल्या वस्तूंतून अळी
- बाटल्यांची झाकणं सुतळीत ओवा. झाली अळी! झाकणं मोजता मोजता आकडे पाठ होतात.
- भेंडी आडवी कापून रंगात बुडवा, कागदावर ओळीने ठसे मारा.
- मातीचे छोटे गोळे जोडा. गोळे वळताना बोटांना ताकद येते, पुढे पेन्सिल धरायला तीच कामी येते.
- पत्रावळीचे चार भाग करा. ज्वारीचे दाणे म्हणजे अंडी, सुतळीचा तुकडा म्हणजे अळी, शेंगेचं टरफल म्हणजे कोष आणि रंगीत कागद म्हणजे फुलपाखरू. ‘आधी काय, नंतर काय’ हे मुलांना यातून कळतं.
- मुलाला ओढणीत सैल गुंडाळा, तोंड मात्र उघडं ठेवा. तो कोष! ओढणी सोडली की हात पसरून फुलपाखरू उडालं.

खरी अळी बघायची असेल तर
कढीपत्ता किंवा लिंबाच्या झाडावर लिंबाच्या फुलपाखराची अळी सापडते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढते, पण इजा करत नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबूवर्गीय झाडांचीच पानं खाते.

मोठ्यांनी अळी पानासकट बरणीत ठेवावी. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधावं, आत एक काडी उभी करावी. रोज ताजी पानं द्यावीत, पण ती फवारलेली नसावीत. अळी कोषात गेली की बरणी हलवू नये. फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख वाळू द्यावेत आणि त्याला मोकळं सोडावं.

सगळ्याच अळ्या शत्रू नाहीत
कपाशीची गुलाबी बोंडअळी, मक्याची लष्करी अळी पिकाचं नुकसान करतात, हे खरं. पण रेशीम देणारीही अळीच, आणि बागेतल्या फुलपाखराचं बालपणही अळीचंच. हा फरक मुलांना सांगा. फवारणी झालेल्या शेतात मात्र त्यांना नेऊ नका.

काटे टोचले तर
जागा चोळू नका. चिकटपट्टी लावून हळूच ओढा, म्हणजे केस निघतात. साबणाने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा. डोळ्यात केस गेले, सूज वाढली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा किंवा १०८ ला फोन करा.