नळाला पाणी आलं आणि कुरकुर सुरू झाली

भाकरी थापत असाल तर थापत राहा, भाजी चिरत असाल तर चिरत राहा, फक्त मिक्सर तेवढा दहा मिनिटं बंद ठेवा. कारण आजचं बोलणं मिक्सरपासूनच सुरू होतंय.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, चहा यायला वेळ होता. तेवढ्यात एकीनं सुरुवात केली. म्हणाली, "माझ्या मिक्सरचं झाकण एका हातानं दाबून धरावं लागतं बाई, नाहीतर चटणी भिंतीला." दुसरी म्हणाली, "तुझं झाकण तरी हाय. आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आत्याबाईंनी घेतलंय. दोनच झाल्या म्हणतात, मी म्हणते तीन झाल्या. वरण शिजेपर्यंत भांडण शिजतंय." तिसरीची तक्रार नळाची. दिवसभर वाट बघितली तर थेंब नाही, आणि गॅसवर दूध ठेवलं की नेमकं त्याच मिनिटाला पाणी येतं. आता बादली लावावी का दूध बघावं? चौथीचा मोबाइल चार्जिंगला लावला की लाईट जाते. पाचवीचे मालक टीव्हीचा रिमोट उशाखाली घेऊन झोपतात, झोप लागली म्हणून हळूच काढायला जावं तर डोळे मिटूनच म्हणतात, "मी बघतोय."

हसून हसून आमची पोटं दुखली. मग गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी बोलल्या. "पोरींनो, तुमच्या तक्रारी लई गोड हायेत गं. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते. तवा आमची तक्रार एकच. भाकरी."

सगळ्या गप्प झाल्या. घरी जाताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. आपण माजलोय का? सुख टोचायला लागलंय का? की या कुरकुरीमागं दुसरं काही आहे? त्यावर थोडं वाचलं, थोडं विचारलं. तेच आज सांगते.

आपण धान्य निवडतो ना, तिथूनच समजून घेऊ. ज्वारीत खडे लई असले की आपण फक्त खडे वेचतो. फुटका दाणा, बारका दाणा तसाच जाऊ देतो. खडे संपले की मग हात फुटक्या दाण्याकडं वळतो. तेही संपले की जरा काळपट दाणा दिसला तरी डोळ्यात खुपतो. ज्वारी तर आधीपेक्षा चांगली झालेली असते, पण निवडणारीचं समाधान होत नाही. डोळा खड्यांवरून बारीक दाण्यावर आलेला असतो.

अगदी हीच गोष्ट अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी करून बघितली. २०१८ साली तो अभ्यास छापून आला. त्यांनी लोकांना पडद्यावर एकेक रंगीत ठिपका दाखवला आणि विचारलं, हा निळा आहे का नाही? काही ठिपके निळे, काही जांभळे. हळूहळू त्यांनी निळे ठिपके कमी केले. तर लोक काय करायला लागले? आधी ज्याला जांभळा म्हणत होते, त्यालाच निळा म्हणायला लागले. नीट बघा म्हणून आधीच सांगितलं, बरोबर ओळखलं तर पैसे देऊ म्हणाले, तरीही तेच. मग चेहरे दाखवून बघितले. धाक वाटावा असे चेहरे कमी केले, तर साधा चेहरासुद्धा लोकांना धाकाचा वाटायला लागला. आता सांगा, सासूबाईंनी बोलणं कमी केलं तरी त्यांचं नुसतं बघणं कामून टोचतं? तर त्यामुळं!

त्याच्याही आधी, १९७८ साली, अमेरिकेतच लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारून बघितलं होतं. भरपूर पैसा मिळाला, पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फार सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींत, गप्पा मारण्यात, काही चांगलं ऐकण्यात, त्यांना कमीच गोडी वाटत होती. सुखाची सवय होते, मैत्रिणींनो. पहिल्या दिवशी नळाला हळदकुंकू लावतो, सहा महिन्यांनी त्याच नळाला शिव्या देतो. नळ तोच असतो.

म्हणून माजलोय असं म्हणायचं कारण नाही. माणसाचं डोकंच तसं घडलेलं आहे. मात्र खडे किती होते, ते विसरू नये.

हे विसरायला आपल्याला फार मागं जावं लागत नाही. शेजारचं लातूर बघा. एप्रिल २०१६. शहराला प्यायला पाणी नाही म्हणून मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. सुमारे ३४० किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत साधारण ५० हजार लिटर. पाणी बघायला माणसं स्टेशनवर गेली होती. आपल्या कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला आहे, त्याला पाण्याचा खंदक आहे. पण राजांनी खंदक भरला तो शत्रू अडवायला. घागर भरायचं काम बाईकडंच राहिलं.

आता हिशेब करू. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं ठरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर होतात. पंधरा लिटरची घागर धरली तर अठरा घागरी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणजे घरातला नळ रोज चालला तर पावणेतीन क्विंटलचं ओझं कुणाच्या तरी डोक्यावरून उतरतं. ते डोकं कुणाचं, हे सांगायला नको. त्यामुळं दूध उतू जाताना पाणी आलं तर कुरकुर जरूर करा, पण बादली लावताना एकदा अठरा घागरी आठवा.

मात्र एक सांगते. ही आठवण स्वतःसाठी ठेवायची. दुसरीचं तोंड बंद करायला वापरायची नाही. "आमच्या वेळी असं नव्हतं, तुम्हाला काय माहीत," असं म्हटलं की सून गप्प बसते, पण तिचं दुखणं काही कमी होत नाही. आमच्या थोरल्या आजींनाही मी हे हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंय. माझी सासूबी मला तसंच म्हणायची."

मग जुन्या बाया तक्रार करतच नव्हत्या का? करत होत्या, चांगली करत होत्या. त्यांची जागा होती जातं. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं, समोरासमोर दोघी बसलेल्या आणि दगडाची घरघर. त्या आवाजात सासू, नणंद, मालक, माहेराहून न आलेला भाऊ, सगळ्यांचा हिशेब ओवीत निघायचा. कुणी जाब विचारला तर "गाणं म्हणत होते" म्हणायची सोय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. म्हणजे किती बायांनी किती सोसलं आणि किती नेमक्या शब्दांत सांगितलं, बघा.

आपल्या मराठवाड्यातल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी तर सोळाव्या शतकात सुनेची तक्रारच भारुडात घातली. ती सून भवानीआईकडं सासरच्या एकेकाचं गाऱ्हाणं मांडते आणि शेवटी मला एकटीलाच राहू दे म्हणते. नाथांना त्यातून परमार्थ सांगायचा होता. पण ऐकणाऱ्या बाया कशाला हसत असतील, हे तुम्हाला मला ठाऊक आहे.

पुढं गावात पिठाची गिरणी आली. फार चांगलं झालं. पहाटेचं दळण सुटलं, हात सुटले, झोप मिळाली. पण जात्याबरोबर ती जागाही गेली. हापशावर बाया भेटायच्या. घरात नळ आला आणि ते भेटणंही कमी झालं. गॅस आला, सरपणाला जाताना सोबत चालणं संपलं. कष्ट गेले ते बरंच झालं, ते परत नकोत. पण मनातलं बोलायची जागा कष्टाला बांधलेली होती, ती त्याच्यासोबत निघून गेली. आता बाई घरात एकटी आणि समोर मिक्सर. मिक्सर ओवी ऐकून घेत नाही.

म्हणून चहा येईपर्यंतची ती दहा मिनिटं महत्त्वाची आहेत. गटात जी कुरकुर चालते, ती आपली आजची ओवी आहे.

आता एक गोष्ट सांगते, तिची मला अजून लाज वाटते. आमच्या गटातली एक सखी. तिची तक्रार अशी की परसातला बल्ब उडालाय आणि मालक नवा आणत नाहीत. पहिल्या बैठकीला आम्ही हसलो. मी म्हणाले, "बल्ब आणायला गेलेला नवरा आणि भाजीला गेलेली सासू लवकर येत नसतात." दुसऱ्या बैठकीला तिनं परत तेच सांगितलं. आम्ही परत हसलो. तिसऱ्या बैठकीला ती आलीच नाही. ताप होता, लघवीला आग होत होती, दवाखान्यात नेलं होतं.

भेटायला गेले तेव्हा कळलं. संडास परसाच्या टोकाला. रात्री अंधारात जायची तिला भीती वाटायची. मागं एकदा तिथं साप निघाला होता. म्हणून ती दुपारनंतर पाणीच पीत नव्हती, आणि रात्री लागली तरी दाबून धरत होती. पाणी कमी आणि लघवी दाबून ठेवणं, यानं जंतू वाढायला वाव मिळतो आणि असा आजार होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी विचारलं, "अगं, बल्ब तूच का आणला नाहीस?" ती म्हणाली, "हातात पैसे कुठं असतात ताई?" गटाच्या वहीत तिच्या नावावर हजारो रुपये होते. पण शंभर-सव्वाशेच्या बल्बासाठी तिला घरात विचारावं लागत होतं. म्हणजे तक्रार बल्बाची नव्हतीच. अंधार, भीती, दुखणं आणि रिकामा हात, एवढं सगळं एका बल्बात गुंडाळून ती आमच्यापुढं ठेवत होती. आणि आम्ही हसून चहा पीत होतो.

तेव्हापासून आम्ही गटात एक पद्धत पाडली. बचत झाली की कुरकुरीची फेरी. प्रत्येकीनं एक बारीकशी तक्रार सांगायची. हसायला पूर्ण मोकळीक. पण ऐकताना मनात तीन प्रश्न ठेवायचे.

पहिला प्रश्न: हीच तक्रार परत परत येते का? रिमोटची तक्रार एकदा आली तर गंमत. तीच तीनदा आली तर थांबून विचारायचं, "बाई, टीव्हीचंच आहे का आणखी काही?"

दुसरा प्रश्न: सांगणारी स्वतः हसतेय का? आपण हसतोय आणि ती खाली बघतेय, तर ती गंमत नव्हे.

तिसरा प्रश्न: ही तक्रार एकीची का सगळ्यांची? कुकरच्या शिट्ट्या ज्याच्या त्याच्या घरात. पण नळाला पाणी कधी येणार, याची वेळच ठरलेली नसेल, तर ती गावाची तक्रार झाली. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा नियम आहे. तिथं दहाजणींनी मिळून सांगायचं की पाण्याची वेळ ठरवून फळ्यावर लिहा. ते वहीत लिहून घ्यायला लावायचं. लाईट सारखी जात असेल तर १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. आणि हसण्याआड मारहाण, छळ दडलेला असेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. नंबर भिंतीवर लिहून ठेवा, वेळ सांगून येत नाही.

या फेरीतून आमच्याकडं काय झालं? मिक्सरचं झाकण बदललं, त्याचं रबर झिजलं होतं, थोडक्या पैशांत काम झालं. एकीच्या गुडघ्याचं दुखणं "जिन्याची पायरी उंच आहे" या कुरकुरीतून कळलं. आणि बल्बवाल्या सखीनं ठरवलं की दर महिन्याला थोडे पैसे स्वतःच्या हातात ठेवायचे, कुणाला न विचारता खर्चायला. पहिल्या महिन्यात तिनं दोन बल्ब घेतले. एक परसात लावला, एक डब्यात ठेवला.

तेव्हा मैत्रिणींनो, बारीक गोष्टींवर कुरकुर करायला लाजू नका. मोठे खडे वेचून झाले, म्हणून तर बारके दाणे दिसतायत. हसा, हसवा. फक्त कुणाच्या कुरकुरीत एखादा खडा राहिलाय का, तेवढं हातानं चाचपून बघा.

आमच्या रिमोटवाल्या सखीचं काय झालं, ते राहिलंच. तिनं रिमोटचे सेल काढून स्वतःच्या उशाखाली ठेवले. आता दोघंही झोपतात. टीव्ही बंद असतो.

चला, मिक्सर लावा आता. झाकण तेवढं दाबून धरा. रामराम.