कोंबडीने अंडी बंद केली? आधी पिसं मोजा!

समजा, तुमचं घर आरोंद्याला आहे. सावंतवाडी तालुक्याचं हे अगदी टोकाचं गाव. पुढे तेरेखोलची खाडी आणि खाडीपलीकडे गोवा. घरामागे माड आहेत, आणि माडांखाली तुमच्या चार-पाच गावठी कोंबड्या. सकाळी खुराड्याचं दार उघडायचं आणि आत हात घालून ऊन ऊन अंडं बाहेर काढायचं, हे काम तुमचं.

पावसाळा सरत आलेला असतो. एक दिवस दार उघडता तर आत अंडं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानेही नाही. उलट खुराडंभर पिसंच पिसं! रात्री मांजर शिरलं की काय? पण कोंबड्या तर मोजून सगळ्या आहेत. फक्त तुमची सगळ्यात लाडकी तांबडी अगदी ओळखू येत नाही. मान उघडी, शेपूट झडलेलं आणि तुरा सुकलेल्या मिरचीसारखा. घरातलं मोठं माणूस तिच्याकडे बघून म्हणतं, "तिचा आता वय झाला, अंडा घालूची नाय. येत्या आयतवाराक सागोती करूया."

थांबा! रविवार यायच्या आत तुम्हाला तांबडीची वकिली करायची आहे. त्यासाठी थोडी माहिती हवी.

तांबडी म्हातारी झालेली नाही, ती पिसं टाकते आहे. वर्षभर उन्हापावसात, मातीत लोळून, कुंपणातून घुसून पिसं झिजतात. झिजलेलं पीस आपल्या केसासारखं वाढत राहत नाही. ते पूर्ण वाढलं की मेलेलंच असतं. म्हणून जुनं टाकून मुळापासून नवं उगवावं लागतं. कोंबडी बहुधा वर्षातून एकदा हे करते. सुरुवात डोक्या-मानेपासून, मग छाती आणि पाठ, आणि मग पंख, शेपूट.

पण पिसांचा आणि अंड्यांचा संबंध काय? चला, एक गणित करू. गावठी कोंबडीचं वजन धरा दीड किलो. त्यातली पिसं साधारण ८० ग्रॅम. पीस बनतं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. आपली नखं, केसही त्याच जातीच्या प्रथिनाचे. ८० ग्रॅम पिसांत जवळजवळ ७० ग्रॅम प्रथिन असतं. आता अंडं बघा. ४० ग्रॅमच्या गावठी अंड्यात प्रथिन जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे एक नवा अंगरखा शिवायला तांबडीला १४ अंड्यांचा माल लागतो! रोज दाणे टिपून मिळणारं प्रथिन एवढंच. त्यात अंडी आणि पिसं दोन्ही कशी भागणार? म्हणून तिचं शरीर अंड्याचं काम चक्क बंदच ठेवतं. अंडं जिच्यात तयार होतं ती आतली नळी दोन फुटांच्या आसपास लांब असते, ती या दिवसांत आक्रसून अगदी बारीक होते.

हे कधी करायचं, ते कोंबडीला कळतं कसं? उजेडावरून. पक्ष्यांना उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा उजेडही त्यांच्या मेंदूला जाणवतो. दिवस लहान होऊ लागले की मेंदू अंड्यांचं काम थांबवतो आणि पिसांचं सुरू करतो. थंड देशांत उन्हाळा-हिवाळ्यातल्या दिवसांत फार फरक पडतो, त्यामुळे तिथल्या कोंबड्या साधारण एकाच मोसमात पिसं टाकतात. आरोंद्यात जूनमधला मोठा दिवस १३ तासांचा आणि डिसेंबरमधला छोटा ११ तासांच्या थोडा वर. फरक दोन तासांहून कमी! म्हणून आपल्याकडे एक कोंबडी आज, तर दुसरी दोन महिन्यांनी, असंही चालतं. पिल्लं वाढवून झाल्यावरही पुष्कळ कोंबड्या पिसं टाकतात.

आता वकिलाने उलटतपासणीची तयारी ठेवावी. "कशावरून पिसंच टाकतेय? खुडूक झाली नसेल कशावरून?" खुडूक कोंबडीही अंडी घालत नाही, पण तिचा तोरा वेगळा. ती एका जागी फतकल मारून बसते, हात नेला की अंग फुगवून चोच मारते. पिसं टाकणारी कोंबडी बसून राहत नाही. ती खाते, हिंडते, फक्त जरा लाजल्यासारखी कडेकडेने. आणि कोंबडी मान टाकून पेंगत असेल, हिरवट पातळ शिटत असेल किंवा तोंड उघडून धापा टाकत असेल, तर तो आजार. तिला लगेच वेगळी ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरांना विचारा. पिसं फक्त मागच्या बाजूची गेली असतील तर उवा-पिसवा बघा.

खरा पुरावा मात्र पंखात आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की तांबडीला अलगद उचला आणि एक पंख हळूच पसरा. बाहेरच्या टोकाकडे दहा लांब पिसं दिसतील. त्यांच्या आणि आतल्या पिसांच्या मध्ये एक आखूड पीस असतं, ती सीमारेषा. दहातलं पहिलं गळतं ते या आखूड पिसाला लागून असलेलं. मग दुसरं, तिसरं, असं बाहेरच्या टोकाकडे. जुनं पीस विटकं, कडा फाटलेलं. नवं तुकतुकीत, किंवा अजून नळीत गुंडाळलेलं. एक पीस पूर्ण वाढायला सुमारे सहा आठवडे लागतात आणि पुढचं पीस सुमारे दोन आठवड्यांनी गळतं. आळशी कोंबडी एकेक पीस टाकते. तिचा हिशेब करा : ६ आणि वर ९ गुणिले २, म्हणजे २४ आठवडे! चांगली कोंबडी तीन-चार पिसं एकदम टाकते आणि दहा-बारा आठवड्यांत मोकळी होते.

यातली गंमत लक्षात आली का? जी एकदम भकाभक पिसं टाकून भिकारणीसारखी दिसते, तीच बहुधा घरातली सर्वांत चांगली अंडी देणारी असते. आणि आपण सुरी नेमकी तिच्यावरच उगारतो. वर्षभर नटून-थटून फिरणारी दुसरी एखादी खरं म्हणजे खाऊन फुकट बसलेली असते.

(उचलताना जपून हं. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ती दाबली की दुखते, मोडली तर रक्त येतं. एकदा बघून झालं की रोज रोज पकडू नका.)

खटला जिंकलात तर पुढची जबाबदारी तुमची. नुसता कोंडा आणि कणी टाकून पिसं उगवत नाहीत. प्रथिन हवं. किनाऱ्यावर त्याला तोटा आहे का? सुका जवळा, म्हणजे आपला गोलमो, मूठभर धुऊन द्या. धुवायचा अशासाठी, की जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. मासळी साफ करतानाचा टाकाऊ भाग उकडून चालेल, शेंगदाण्याची पेंडही चालेल. खाडीतल्या शिंपल्या खाऊन झाल्या की कवचं कुटून ठेवा. अंडी सुरू झाली की त्यांच्या कवचासाठी हाच चुना कामी येतो.

तुमच्याच तालुक्यात, वर आंबोलीच्या जंगलात राखी रानकोंबडा राहतो. कोंबडा असून तोही यातून सुटलेला नाही. विणीचा हंगाम उलटला की मानेवरची ठिपक्यांची झगझगीत पिसं टाकून तो काही काळ साधाच दिसतो. तो तांबडीचा दूरचा नातेवाईकच. गावठी कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण पिवळ्या पायांचा गुण या राखी भाऊबंदाकडून आला, हे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

मोठ्या पोल्ट्रीत मात्र पिसांचा मोसम कोंबडी ठरवत नाही, मालक ठरवतो. तिथे दिवे लावून १६ तासांचा दिवस करतात, म्हणजे अंडी चालू राहतात. पुढे अंडी कमी झाली की हजारो कोंबड्यांनी एकदमच पिसं टाकावीत म्हणून त्यांना कित्येक दिवस उपाशी ठेवायची पद्धत होती. २०११ साली भारतीय पशुकल्याण मंडळाने हे उपाशी ठेवणं बंद करा, असं बजावलं. आधार होता १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा.

तांबडीला कुणी उपाशी ठेवलेलं नाही, ती आपल्या वेळेने चालली आहे. पंखातली दहाही पिसं नवी झाली की तुऱ्याकडे लक्ष ठेवा. तो फुगून लाल होऊ लागला, आणि ती कोपरे हुंगत कुकुकु करत फिरू लागली, की समजा आता दिवस भरले. नव्या वर्षाची अंडी संख्येने थोडी कमी, पण आकाराने मोठी आणि कवचाने घट्ट असतात. आणि पहिलं अंडं ती खुराड्यातच घालेल असं धरून चालू नका. लाकडांच्या राशीमागे आणि गवताच्या उडवीतही हात घालून बघा.